नकाशा मोठा आहे हो, पण गावात माणूस आहे का?

पोस्ट लांब आहे आणि विषय व्हिडिओ गेमचा आहे. त्यामुळं निम्मी मंडळी इथूनच पुढं सरकतील, कल्पना आहे. पण नगरपालिका, पाणीपुरवठा आणि ऊसदर यांच्यावर लिहिणारा माणूस मध्येच गेमवर का लिहायला लागला, एवढं तरी बघून जा. विषय सार्वजनिकच आहे. त्यात सरकारचा म्हणजे तुमचा-माझा पैसा आहे, आपल्या भागातल्या पोरांच्या नोकऱ्या आहेत आणि आपल्या आज्यांच्या गोष्टी आहेत.

आधी एक गोंधळ मिटवू. आपल्याकडं 'गेम' म्हटलं की डोळ्यांपुढं दोनच गोष्टी येतात. एक, मोबाईलवरची रमी नि तसले पैसे लावायचे प्रकार. दुसरी, रात्री दोन वाजेपर्यंत हेडफोन लावून 'मार, मार' ओरडणारं पोरगं. पहिल्या प्रकारावर संसदेनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदाच केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. मात्र त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे खेळ वेगळे काढलेत, हे पारावर कुणी सांगत नाही. आणि पुढच्याच महिन्यात आपल्या राज्य मंत्रिमंडळानं ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स या धंद्यांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. आकडा ३ हजार कोटींच्या वर, मुदत २०५० पर्यंत. म्हणजे ऑगस्टमध्ये दिल्ली म्हणते बंद करा आणि सप्टेंबरमध्ये मुंबई म्हणते वाढवा. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. शब्द तेवढा एकच.

मला ज्याबद्दल बोलायचंय तो आणखी वेगळा प्रकार. त्याला 'ओपन वर्ल्ड फँटसी आरपीजी' म्हणतात. नाव लांबलचक, अर्थ सोपा. एक काल्पनिक राज्य असतं. गावं, जंगलं, राजे, भुतं, जादू सगळं. तुम्ही त्यातलं एक पात्र व्हायचं आणि हवं तिकडं फिरायचं. रस्त्यानं जा, रानातून जा, मुख्य कथा सोडून आठ दिवस मासे मारत बसा, कुणी हाकलत नाही. एक गेम संपायला शंभर तास सहज लागतात. पुतण्या नोकरीला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर घरी राहिला, तेव्हापासून बातम्यांची कामं उरकल्यावर मी हे खेळतो. चाळिशी उलटलेल्या माणसानं हे करावं का, यावर घरात दोन मतं आहेत.

तर प्रश्न असा, की असले शेकडो गेम येतात, त्यातले दोन-चारच डोक्यात का राहतात?

जाहिरात बघितली तर उत्तर ठरलेलं असतं. 'आमचा नकाशा सगळ्यांत मोठा.' हे म्हणजे मंगल कार्यालयवाल्यानं पार्किंग किती आहे ते सांगण्यासारखं आहे. जेवण कसं आहे ते सांगा की.

बेथेस्डा नावाची अमेरिकन कंपनी आहे. तिनं १९९६ मध्ये 'डॅगरफॉल' नावाचा गेम काढला. त्याचा नकाशा ग्रेट ब्रिटनएवढा आहे असं कंपनीच सांगायची, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. त्यात हजारो गावं. पण ती गावं कॉम्प्युटरनं सूत्र लावून आपोआप तयार केलेली होती. एका गावातून उठून दुसऱ्यात गेलात तरी तीच घरं, तीच खानावळ, तीच तळघरं, जागा तेवढ्या बदललेल्या. त्या काळात ते मोठंच धाडस होतं, नाकारत नाही. पण त्या हजारोंमधलं एखादं गाव आठवून सांगा म्हटलं तर जुने खेळणारेसुद्धा विचारात पडतील.

त्याच कंपनीनं सहा वर्षांनी, २००२ मध्ये 'मॉरोविंड' काढला. नकाशा एकदम लहान, दहा चौरस मैलांच्या आसपास. आपल्याकडं एखाद्या बऱ्यापैकी गावाची शीव तेवढी असते. पण यात प्रत्येक दगड माणसानं हातानं ठेवलेला. झाडांच्या जागी घराएवढ्या अळंब्या. प्रवासाला एसटीऐवजी उंच पायांचा एक अवाढव्य किडा, त्याचं पाठीवरचं कवच पोखरून आत बसायची जागा केलेली आणि तोही ठरावीक थांब्यांवरच मिळणार. गावातली माणसं तुम्हाला 'बाहेरचा' म्हणून हिणवतात. तुम्ही कथेचे नायक आहात हे त्यांना कुणी कळवलेलंच नसतं.

आणि पत्ता सांगायची तऱ्हा! आजकालच्या गेममध्ये कुठं जायचं तिथं बाण दिसतो. मॉरोविंडमध्ये बाण नव्हता. माणूस तोंडी सांगायचा, की ओढ्याच्या कडेनं वर जा, पूल लागला की वळा, पुढं दगडाची कमान दिसेल. मग ते वहीत लिहिलेलं वाचत शोधत हिंडायचं. कधी कधी सांगणाऱ्यानं चुकीचंही सांगितलेलं असायचं. आपल्याकडं 'इथंच आहे की' म्हणून सांगितलेलं देऊळ दोन मैलांवर निघतं, तसंच. चिडचिड होते, पण त्या शोधाशोधीत तो मुलूख पाठ होतो. बाण असला की माणूस बाणाकडं बघतो, रस्त्याकडं बघत नाही. ज्यांनी मॅप लावून दहा वेळा एकाच लॉजवर जाऊनसुद्धा रस्ता सांगता येत नाही त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

याच मालिकेतला २०११ चा 'स्कायरिम' जगभर प्रचंड खपला. डोंगर, बर्फ, धुकं, बघत राहावं असं. पण माझं मत विचाराल तर त्यात एक खोट आहे. ते जग फार लवकर तुमच्यापुढं वाकतं. जादूच्या विद्यापीठात जावं, चार मंत्र धड येत नसताना थोड्या दिवसांत तिथला कुलगुरू व्हावं. (आपल्याकडच्या कुलगुरू नेमणुकांबद्दल इथं बोलत नाही.) जिथं सगळेच तुम्हाला सलाम ठोकतात तिथलं कुणी लक्षात राहत नाही.

आता ज्यासाठी एवढं पाल्हाळ लावलं तो गेम. 'द विचर ३'. पोलंडमधल्या 'सीडी प्रोजेक्ट रेड' कंपनीनं १९ मे २०१५ ला आणला. २०२३ पर्यंत त्याच्या ५ कोटींहून अधिक प्रती खपल्याचं कंपनीनं जाहीर केलं. नायक गेराल्ट, धंदा राक्षस मारायचा. गावोगाव हिंडायचं, वेशीवरच्या फळ्यावर लावलेले कागद वाचायचे, 'आमच्या रानात अमुक जनावर माणसं खातंय, मारणाऱ्यास इतके पैसे', मग घासाघीस करून काम घ्यायचं. थोडक्यात, तलवारवाला मजूर. लोक त्याला गरज असेल तेव्हा बोलावतात आणि काम झालं की थुंकतात.

या गेममध्ये वेलेन नावाचा मुलूख आहे. दोन राजांच्या लढाईत चिरडलेला. रस्त्याकडेच्या झाडाला माणसं लटकलेली, शेतं पडीक, सैन्य येऊन धान्य घेऊन गेलेलं. चिखल, पाऊस, उपाशी कुत्री. मी ग्रामीण भागात वार्तांकन करणारा माणूस, त्यामुळं असेल, पण तिथं पोचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की हे लिहिणाऱ्यानं खेडं बघितलंय. खेड्याचं कॅलेंडरवरचं चित्र नव्हे, खेडं.

एक छोटी गोष्ट सांगतो. गेमच्या सुरुवातीलाच, व्हाइट ऑर्चर्ड नावाच्या भागात, एक म्हातारी बंद झोपडीच्या दारात खटपट करत असते. तक्रार काय, तर एका परक्या माणसाला तिनं आपला तवा उसना दिला होता, तो तवा आत अडकलाय. जग बुडायला आलंय, नायक मानलेल्या मुलीच्या शोधात निघालाय, आणि हिला तवा पाहिजे. तुम्ही दार फोडून आत जाता. आत मढं पडलेलं, कागद जळालेले आणि तवा मात्र लखलखीत घासलेला. का? तर त्याची काजळी खरवडून कुणीतरी लिहायला शाई केली होती. कोण होता, काय लिहीत होता, कुणी कुणाला मारलं, हे पुरतं उलगडत नाही. म्हातारीला त्यात रस नाही. तवा मिळाला, वर आयता घासून मिळाला, ती खूश.

पाच मिनिटांचा प्रसंग. पण ती म्हातारी तिथं तुमच्यासाठी उभी नव्हती. तिचं तिचं चाललं होतं, तुम्ही मध्ये आलात. माझ्या मते लक्षात राहण्यातली गोम इथं आहे. ज्या जगात आपण पोचायच्या आधीपासून काहीतरी चाललेलं आहे, उसनवाऱ्या आहेत, भांडणं आहेत, लपवलेली पापं आहेत, ते जग खरं वाटतं. आपण उशिरा आलेलो असतो. बातमीदारही कायम उशिराच येतो म्हणा.

आता बॅरनची गोष्ट. ज्यांना गेम खेळायचाच आहे त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडून द्या.

वेलेनमध्ये एक स्थानिक सत्ताधीश आहे, सगळे त्याला ब्लडी बॅरन म्हणतात. लढाईतून उरलेला दारुडा सैनिक, गढी बळकावून बसलेला. त्याची बायको नि मुलगी गायब आहेत. तो सांगतो, गेल्या कुठं तरी, शोधून द्या. तुम्ही घरात बघायला लागता. भिंतीजवळ पडझड, दारूचा डाग, तुटलेलं काहीबाही. पुन्हा त्याच्याकडं जाता तेव्हा जबाब बदलतो. मोठ्या माणसाचा पहिला बाईट कधी खरा नसतो, हे आम्हाला डिप्लोमाच्या वर्गात कुणी शिकवलं नाही, पण या गेमनं व्यवस्थित शिकवलं असतं. हळूहळू कळतं की तो बायकोला मारायचा. ती गरोदर होती. झटापट झाली, मूल गेलं आणि त्यानं ते नाव न ठेवताच पुरलं.

स्लाव्ह लोकांत जुनी समजूत आहे, की असं नाव न ठेवता पुरलेलं मूल अस्वस्थ होऊन परत येतं. गेममध्ये ते येतं. भयानक दिसतं. तलवारीनं मारून टाकता येतं, तीही वाट आहे. दुसरी वाट अशी, की बॅरननं त्याला स्वतः उचलून घ्यायचं, रात्रीच्या पावसात घरापर्यंत चालत न्यायचं, त्याला नाव द्यायचं, मुलगी म्हणून मान्य करायचं आणि उंबऱ्याखाली पुरायचं. तुम्ही फक्त शेजारून चालायचं. तो धिप्पाड माणूस ते ओझं हातात घेऊन चालतो ते चालणं बघताना कंट्रोलरवरची बोटं सैल पडतात. तुम्ही त्याचा तिरस्कार करता आणि तो मध्येच अडखळू नये असंही वाटतं. आणि पुढं आणखी कळतं, की हे मूल नको म्हणून बायकोनंच दलदलीतल्या चेटकिणींशी करार केलेला होता. मग गुन्हेगार नक्की कोण, हे ठरवायला बसलात तर रात्र जाईल.

त्या दलदलीत अनाथ मुलंही आहेत. जवळच्या टेकडीत एका झाडाखाली कोंडलेला आत्मा आहे. तो म्हणतो, मला सोड, मुलं वाचवतो. सोडला तर मुलं वाचतात, पण तो एक गाव उद्ध्वस्त करतो, बॅरनची बायको जाते आणि बॅरन गळफास घेतो. मारला तर मुलं जातात, बायको वेडी होऊन का होईना जिवंत राहते आणि बॅरन तिला बरं करायला दूर घेऊन जातो. निवड करताना यातलं काही सांगितलेलं नसतं. फळ दिसतं ते काही तासांच्या खेळानंतर, तेव्हा मागं जायची सोय उरलेली नसते. गुण मिळत नाहीत, 'बरोबर उत्तर' अशी पाटी येत नाही. राज्यकर्त्यांना हा गेम सक्तीनं खेळायला लावावा असं मला अधूनमधून वाटतं. धरण कुठं बांधायचं, गाव कुठलं उठवायचं, याची फळंसुद्धा ठरवणारा बदलून गेल्यावरच दिसतात.

दोष नाहीत असं नाही. समुद्रातल्या बेटांच्या भागात नकाशावर प्रश्नचिन्हांचा सडा पडलाय, प्रत्येक ठिकाणी होडी नेली की पाण्यात तीच ती पेटारी. शुद्ध भरताड. नायकाची घोडी मध्येच एखाद्या घराच्या छपरावर जाऊन उभी राहते. आणि मुलीच्या मागं काळ लागलेला असताना हा गृहस्थ खानावळीत पत्ते कुटत बसू शकतो, कुणी काही म्हणत नाही. (२०२५ च्या पावसाळी अधिवेशनात मोबाईलवरच्या रमीवरून गदारोळ झाला होता, त्याची आठवण झाली.) पण प्रश्नचिन्हं विसरली जातात नि बॅरन राहतो.

हे सगळं पोलंडमध्ये झालं, हॉलिवूडच्या शेजारी नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. साम्यवादी राजवट १९८९ मध्ये गेली. त्यानंतर वॉर्सातल्या कॉम्प्युटर बाजारात दोन शाळासोबती बाहेरून आणलेले गेम विकायचे. १९९४ मध्ये त्यांनी कंपनी काढली. त्याच वर्षी तिथं कॉपीराइटचा नवा कायदा आला, तोवर चोरीच्या प्रतींचाच बाजार होता. १९९९ मध्ये त्यांनी 'बाल्डर्स गेट' नावाचा परदेशी गेम पोलिश भाषेत आणला. नुसतं खाली भाषांतर चिकटवलं नाही, नामवंत पोलिश नटांचे आवाज घेतले, खोक्यात नकाशा नि पुस्तिका घातली. लोकांनी चोरीची स्वस्त प्रत सोडून पैसे देऊन तो घेतला. भाषेसाठी ग्राहक पैसे मोजत नाही असं आपल्याकडं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यांच्यासाठी हे नमूद केलं.

मग स्वतःचा गेम करायची वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतःच्याच लेखकाच्या कथा घेतल्या. आंद्रेय सापकोव्हस्की. फरच्या व्यापारात विक्रीचं काम करणारा माणूस. 'फांतास्तिका' मासिकाच्या स्पर्धेसाठी त्यांनी एक कथा पाठवली, ती १९८६ मध्ये छापून आली, तिसरा क्रमांक मिळाला. त्यातून पुढं पुस्तकांची मालिका झाली. गेमचे हक्क मागायला पोरं आली तेव्हा सापकोव्हस्कींना या प्रकारावर विश्वासच नव्हता. टक्केवारी नको म्हणाले, ३५ हजार झ्लॉटीच्या आसपास एकरकमी घेऊन मोकळे झाले. पुढं गेमनं पैशांचा डोंगर उभा केल्यावर २०१८ मध्ये त्यांनी वकिलामार्फत ६ कोटी झ्लॉटी मागितले. २०१९ च्या डिसेंबरमध्ये नवा करार झाला. लेखकांनो, कराराचा कागद नीट वाचत जा.

आणि सरकार? २०११ च्या मे महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा पोलंडला आले, तेव्हा पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी दिलेल्या भेटींमध्ये 'द विचर २' होता. देशाच्या पंतप्रधानानं पाहुण्याला शाल-श्रीफळासारखा गेम दिला. २०१४ मध्ये ओबामा परत वॉर्सात आले तेव्हा त्यांनी भाषणात त्याचा उल्लेख केला आणि आपल्याला व्हिडिओ गेम फारसे जमत नाहीत अशी कबुलीही दिली.

विचरमधली भुतं बघा. भर दुपारी शेतात भेटणारी एक बाई आहे, पोलिश लोक तिला 'पोउद्नित्सा' म्हणतात. कापणीच्या दिवसांत डोक्यावर ऊन असताना रानात राबणाऱ्याला ती धरते. उन्हाची तिरीप लागून माणसं पडायची, त्याचीच ही गोष्ट झालेली. गेममध्ये ती एका ओसाड वस्तीतल्या विहिरीवर येते. शोध घेतला की कळतं, लग्न व्हायच्या आधीच मारली गेलेली मुलगी, तिचं काकण अजून विहिरीत आहे. आपल्याकडं बाराच्या ठोक्याला विहिरीवर जाऊ नको असं कुणाला सांगितलं गेलं नाही? किंवा पितरांच्या रात्रीचा प्रसंग घ्या. एका बेटावर गावकरी अंधारात जमतात, मेलेल्यांना बोलावून खाऊ-पिऊ घालतात. 'जादी' नावाचा पोलंडच्या आसपासच्या मुलखातला हा खरा जुना विधी आहे. गावचा देवऋषी तो चालवतो, आणि हा तोच देवऋषी, ज्याची हरवलेली शेळी आधी तुम्हाला हुडकून आणावी लागलेली असते. विधी रंगात आला की धर्मरक्षक म्हणवणारे हत्यारबंद लोक तो मोडायला येतात. त्यांच्याशी काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. आणि ज्यांना बोलावलंय त्या पितरांत देवऋषीचा बापही येतो, ज्याला त्यानंच मारलेलं असतं.

तीस वर्षं गावोगाव फिरलेला कुठलाही पोलिस हवालदार सांगेल, गावातलं जवळजवळ प्रत्येक भूत म्हणजे न नोंदवलेली एफआयआर असते. कुणी सून, कुणी सालगडी, कुणी नको असलेलं मूल. बोलता येत नव्हतं म्हणून लोकांनी त्याचं भूत केलं. विचरवाल्यांनी हे ओळखलं. त्यांनी भूत उचललं ते त्याच्या गुन्ह्यासकट. नुसतं भूत कुणीही काढेल, त्याचे दात नि नखं कितीही बारकाईनं काढेल, ते लक्षात राहणार नाही.

आता आपल्याकडं येतो. साहित्य कमी आहे का? नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याला अनंत कान्हेऱ्यांनी डिसेंबर १९०९ मध्ये गोळ्या घातल्या, त्याला लोकसमजुती गोळा करायचा नाद होता. त्यानं प्रश्नावल्या काढून गावोगावच्या शाळामास्तरांकडून उत्तरं मागवली होती. तो गेल्यावर एंथोवेन या दुसऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यानं ते कागद लावून ग्रंथ केले, कोकणाचा भाग १९१५ मध्ये निघाला. त्यात वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, हडळ, जखीण, लावसट यांची यादी आहे, कोण कुठं राहतो, कशाला भितो, कशानं शांत होतो यासकट. सरळ गेमच्या टेबलावर ठेवावी अशी. पुढं दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर, रा. चिं. ढेरे यांनी आयुष्यं घातली. आणि चकवा! माणूस ओळखीच्या रानात रात्रभर फिरतो आणि सकाळी तिथंच सापडतो. ओपन वर्ल्ड गेम करणाऱ्याला याहून चांगली आयती कल्पना कुठं मिळणार?

गेम करणारी माणसंही आहेत. पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूनं २०२० मध्ये 'राजी' आणला. सर्कशीत काम करणारी मुलगी, राक्षसांनी नेलेल्या भावाला शोधायला निघते, पाठीशी दुर्गा. हा ओपन वर्ल्ड नाही, चार-पाच तासांचा खेळ आहे, मारामारी जरा ढिली आहे. पण त्याच्या भिंतींवरची चित्रं नि ती सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा बघून परदेशी लोकांनीही दखल घेतली. एवढ्याशा चमूनं ते केलं.

मग माझी हरकत कशावर? धोरणाबद्दल जे बोललं जातंय, त्यात पार्क आहेत, गुंतवणूक आहे, अनुदान आहे, रोजगाराचे आकडे आहेत. कॉम्प्युटर येतील, इमारती येतील, उद्घाटनं होतील. पण बॅरनची गोष्ट लिहिणारा माणूस या सगळ्यात कुठं बसतो? आपल्या तालुक्यातून जी पोरं ॲनिमेशनचा कोर्स करून पुण्या-मुंबईला जातात, त्यातली बरीच दुसऱ्या देशांच्या गेममधली झाडं, दगड नि बंदुका रंगवतात. काम वाईट नाही, पगार येतो. पण दगड आपल्या पोरानं रंगवायचा नि त्याच्याखाली काय पुरलंय ते तिकडच्यानं ठरवायचं, अशीच वाटणी राहणार असेल तर तीन हजार कोटींत आपण फक्त मोठा नकाशा विकत घेतोय.

माझी मागणी लहान आहे. या पैशातला शंभरावा हिस्सा लिहिणाऱ्यांना आणि गोळा करणाऱ्यांना द्या. विद्यापीठांच्या मराठी विभागांत लोकसाहित्याचे प्रबंध धूळ खात पडलेत, ते स्कॅन करून खुले करा. जिल्हा ग्रंथालयात एक बरा कॉम्प्युटर नि दहा चांगले गेम ठेवा, पुस्तकं ठेवता तसे. मराठी आवाजातल्या गेमला चित्रपटासारखं अनुदान द्या. आणि राबणाऱ्या पोरांच्या कामाचे तास बघा. याच पोलिश कंपनीनं २०२० च्या डिसेंबरमध्ये 'सायबरपंक २०७७' घाईनं बाजारात आणला. लोकांना महिनोन्‌महिने जादा तास जुंपलं होतं, तरी तो इतका अर्धाकच्चा निघाला की सोनीला आपल्या दुकानातून काढून लोकांचे पैसे परत द्यावे लागले. पैसा होता, यंत्रं होती, विचरची पुण्याई होती. पुढं दुरुस्त्या करून त्यांनी तो सावरला, पण नाचक्की व्हायची ती झालीच.

आई-बापांनाही एक सांगणं आहे. पोरगं गेम खेळतंय दिसलं की आधी विचारा, कुठला. पैसे लावायचा असेल तर मोबाईल काढून घ्याच, माझा पाठिंबा आहे. पण ते जर एखाद्या म्हातारीचा तवा शोधत असेल तर शेजारी बसून बघा. विचर मात्र मोठ्यांसाठीच आहे, त्यात रक्त नि बाकीचंही आहे. आठवीतल्या पोराला नको.

आणि सगळ्यांना एक काम. तुमच्या गावात 'तिकडं जायचं नाही' अशी जागा कुठली होती? झाड, विहीर, बांध, पडका वाडा, काहीही. कुणी सांगितलं होतं, काय सांगितलं होतं, आणि ती जागा आज कशाखाली गेली, प्लॉटिंगच्या की रस्त्याच्या, एवढं खाली लिहा. जमलं तर गावाचं नाव घाला, माणसांची नावं नकोत. मी ते सगळं एका फाईलीत जमवतोय.

सुरुवात माझ्यापासून. आजोळी ओढ्याच्या वळणावर एक विहीर होती, तिला सासुरवाशिणीची विहीर म्हणायचे. कोण सासुरवाशीण, कुठल्या घरातली, असं विचारलं की आजी विषय बदलायची, आणि बदलताना समोरच्या एका घराकडं बघायची. विहीर रस्त्याच्या कामात बुजली. घर आहे अजून.